परीक्षण नको, खरं मत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी सगळ्यात आधी उघडतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी मिटतोही. तिथे आलेलं प्रत्येक पुस्तक ‘वाचनीय’ नाहीतर ‘संग्राह्य’ असतं. मुखपृष्ठ बोलकं, छपाई सुबक, आणि शेवटी लेखकाला पुढील लेखनासाठी शुभेच्छा. एवढ्या पानांत परीक्षण करणाऱ्याला एकदाही जांभई आली नाही? एकही प्रकरण उगाच लांबवलेलं वाटलं नाही? लेखक ओळखीचा असतो, प्रकाशक ओळखीचा असतो, उद्या आपलंही पुस्तक यायचं असतं, हे सगळं समजतं. पण तीनशे-चारशे रुपये आमच्या खिशातून जातात. पुस्तक कुठे रेंगाळतं, कुठवर दम धरावा, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे तुमच्या पानावर कधीच सापडत नाही. आमच्या ग्रंथालयात पुस्तक बदलायला आलेली माणसं हेच दोन वाक्यांत सांगून मोकळी होतात. “पहिली चाळीस पानं सोडा, मग धावते.” “घेऊ नका, मागच्या पुस्तकाचंच पाणी घातलं आहे.” मला त्यातलं काही तरी छापून आलेलं पाहायचं आहे. कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो.

माझी लायकी विचाराल, तर मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. डबा तोच, धक्के तेच. मालगाडी ही सगळ्यांना वाट देणारी गाडी. मागून एक्सप्रेस येते आहे म्हटलं की कंट्रोल रूम तिला बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, घालते आणि विसरते. इटारसीच्या बाजूला काटोल, नरखेड, पांढुर्णा, इकडे बुटीबोरी, सिंदी, हिंगणघाट. यातल्या कुठल्या लूपवर मी कुठलं पुस्तक वाचलं हे आजही सांगू शकतो. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, दिवा नसायचा, म्हणून टॉर्चवर वाचायचं. उभ्या गाडीत, सिग्नल तांबडा असताना, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर कोणी जुनी चौकशी उघडायचं. तिथे माझी कसोटी एकच होती. रात्री अडीच-तीनला, पोटात रनिंग रूमची, म्हणजे आमच्या विश्रांतिगृहाची, डाळ असताना, जे पुस्तक डुलकी येऊ देत नाही ते चांगलं. लेखक किती मोठा आहे हे त्या वेळी डोळ्यांना माहीत नसतं.

खाली लिहिलेली पुस्तकं गेल्या वर्षभरातली. काही पहिल्यांदा वाचली, काही परत वाचली. नवी-जुनी सगळी एकत्र आहेत.

सुरुवात कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’पासून करतो. हे पुस्तक १९८१चं, म्हणजे मी नोकरीत असतानाचं, आणि बाई आपल्या नागपूरच्या. २०२३ साली त्या गेल्या. तरी मला ते आत्ता, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागतात त्या पुस्तकांच्या स्टॉलवर मिळालं. (हे स्टॉल ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी ‘मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही’ असं बोलणं बंद करावं. परभणी, नांदेडहून आलेली माणसं तिथे जेवणाच्या पिशवीत पुस्तकं भरून परत जातात.) दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. करते, प्राध्यापक होते. लोक तोंड भरून कौतुक करतात, आणि त्या कौतुकाच्या आड काय काय असतं ते बाई शांतपणे एकेक करून दाखवतात. शाळेत मनापासून संस्कृत शिकवणाऱ्या गोखले गुरुजींबद्दल त्या किती मायेने लिहितात, तेही पाहा. राग आहे म्हणून उपकार विसरलेले नाहीत. आणि मग ती जागा येते. कुमुद सोमकुवर या नावाला जी नोकरी मिळत नव्हती ती लग्नानंतर कुमुद पावडे या नावाला मिळाली. श्रेय कोणाचं, शिक्षणाचं की नवऱ्याकडून आलेल्या आडनावाचं? एवढं विचारून बाई थांबतात. मी तिथे पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आमच्या डिव्हिजनला आडनाव ऐकल्यावर पाण्याचा लोटा बाजूला सरकवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांची तोंडं आठवली.

तक्रार आहेच. काही लेख भाषणाच्या अंगाने जातात आणि तेच मुद्दे परत येतात. स्वतःवर बेतलेले लेख आधी वाचा, वैचारिक लेख नंतर. उलटं केलंत तर अर्ध्यात सोडाल आणि चांगलं राहून जाईल.

त्याच स्टॉलवरून वसंत मून यांचं ‘वस्ती’ घेतलं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे शासनाने काढलेले इंग्रजी खंड संपादित करणारे ते मून हेच. सीताबर्डीतल्या महारपुऱ्यात गेलेलं लहानपण त्यांनी लिहिलं आहे. अशा पुस्तकात नुसतं दुःख असेल अशी मनाची तयारी करून आपण बसतो, आणि इथे तर आखाडे आहेत, गाण्याबजावण्याच्या मंडळ्या आहेत, समता सैनिक दलाची पोरं आहेत, दंगली आहेत, सभा आहेत. दारिद्र्य आहे, पण रडणं नाही. मून स्वतःला मधोमध उभं करत नाहीत, वस्तीलाच पुढे करतात. त्याचा एक तोटाही होतो. माणसं इतकी येतात की मी शेवटी एका कागदावर नावं आणि नाती लिहून काढली. बाहेरगावच्या वाचकाला हे जड जाणार. नागपूरच्या माणसाने मात्र वाचलंच पाहिजे, कारण बर्डीवर आपण रोज मेट्रो बदलतो आणि त्या जमिनीवर काय काय घडून गेलं याचा आपल्याला पत्ता नसतो. गेल ऑम्व्हेट यांनी केलेला याचा इंग्रजी अनुवाद २००१ साली आला. पुण्यातल्या माझ्या भाच्याने तो वाचला आणि मलाच विचारलं, “मामा, हे तुमच्या इकडचं ना?” मूळ मराठीत आहे हे त्याला मीच सांगितलं.

आता ऐतिहासिक. गेली कित्येक वर्षं या प्रकाराला मी हात लावत नव्हतो. प्रत्येक पानावर कोणाचे तरी डोळे आग ओकणार, कोणाच्या तरी मुठी वळणार आणि तिसऱ्या ओळीला घोड्यांच्या टापा. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ने ही सवय मोडली. खरे नागपुरात जन्मलेले, पेशाने स्थापत्य अभियंते. त्यांचा अंताजी वीर वगैरे काही नाही. जीव वाचवत, दोन्हीकडची हवा पाहत, बाया-बाटल्यांत रमत अठराव्या शतकातल्या बंगालच्या धामधुमीतून जाणारा इरसाल माणूस आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. भाषा बखरीच्या वळणाची आहे. पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होतं, मग कान सरावतो.

यात आपल्या गावाचा संबंध आहे, म्हणून थोडं थांबतो. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जात होत्या. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने वाटाघाटीला बोलावून भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना दग्याने मारलं, आणि १७५१च्या तहात बंगालची बारा लाख रुपये चौथाई ठरली. हे आपल्याला अभिमानाने शिकवलं गेलं. पण तिकडच्या आया आजही अंगाईत ‘बर्गी’ आले म्हणतात, ते बर्गी म्हणजे आपलेच लोक, हे कोणी शिकवलं नाही. मला ते खडगपूरच्या एका बंगाली सहकाऱ्याने हसत हसत सांगितलं होतं. भोसल्यांच्या नागपुरात, महाल भागात लहानाचा मोठा झालेला मी. काय बोलावं सुचेना. ही बखर वाचताना ते हसू परत दिसलं. ज्यांना इतिहासात फक्त जयजयकार हवा आहे त्यांनी हे पुस्तक घेऊ नये, पैसे वाया जातील.

या जोरावर खऱ्यांची ‘उद्या’ही आणली. साहित्य अकादमीचा २०२०चा पुरस्कार हिलाच जाहीर झाला होता आणि समाजाने मला पुष्कळ दिलं आहे म्हणत त्यांनी तो घेतला नाही. माणूस म्हणून टोपी काढतो. कादंबरी मात्र मला दमवून गेली. उद्याच्या जगात माणसांवर पाळत ठेवणाऱ्या कंपन्या, सगळं मोजणारी यंत्रं. कल्पना पटते, कारण ते जग आता आलंच आहे. पण पात्रं मध्येच गोष्ट थांबवून मला शिकवायला लागतात. ब्रेकव्हॅनमध्ये मी झोपलो असतो. माझी नात म्हणते, तिला हीच जास्त आवडली आणि ‘बखर’ तिला जमली नाही. तेव्हा तिशीच्या आतल्यांनी माझं ऐकू नये.

मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत ‘अरण्यऋषी’ हा एकच शब्द फिरत होता, तुमच्याही. ऋषी म्हटलं की प्रश्न विचारायचे नसतात, ही मोठी सोय आहे. मी त्यांची पुस्तकं मनापासून वाचलेला माणूस आहे. ‘रानवाटा’ मी आजही कोणालाही डोळे मिटून देईन. नवेगाव बांधचं तळं, माधवराव पाटील डोंगरवारांसारखा रान जाणणारा सोबती, पाणपक्ष्यांचे थवे. हे लिहावं तर त्यांनीच. पण ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र परत वाचताना दोन गोष्टी खटकल्या. एक तर ते फार लांबलं आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं. वनाधिकारी म्हणून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं कुठे संपतं आणि आदिवासींकडून, जुन्या पोथ्यांतून ऐकलेलं कुठे सुरू होतं, हे बरेचदा कळत नाही. दोन्ही एकाच सुरात येतं. पशुपक्ष्यांची भाषा समजू लागते असं म्हणतात त्या ‘निळावंती’च्या पोथीबद्दल त्यांनी लिहिलं आहे, ते लोककथा म्हणून झकास आहे. पण शाळेतला मुलगा ते वाचून विज्ञान म्हणून सांगतो तेव्हा काय करायचं? हा प्रश्न त्यांच्या हयातीत कोणी तरी आदराने विचारायला हवा होता. श्रद्धांजलीच्या लेखांत तर तो कोणी विचारणारच नव्हतं.

‘धग’ मी वाचली नाही, ऐकली. उद्धव शेळक्यांची ही १९६०ची कादंबरी घरात किती वर्षं पडून होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी वाचायला मनाई केली, तेव्हा बायकोने रोज दुपारी वाचून दाखवली. ती अचलपूरकडची. कौतिकचे संवाद आले की तिचा आवाजच बदलायचा, मधेच थांबून म्हणायची, “हे तं माह्या मावशीवानीच बोलते!” मी नागपुरी असूनही डोळ्यांनी वाचताना वऱ्हाडी संवादांना अडखळलो होतो, कानाने ऐकताना एकही शब्द अडला नाही. कर्त्या बाईने नाकर्त्या नवऱ्याचा संसार ओढायचा, एवढीच गोष्ट. शिंप्याचं घर, दारिद्र्य, आणि कौतिकचा न मोडणारा ताठा. मध्यंतरी एका दुपारी बायकोने पुस्तक ठेवून दिलं आणि दोन दिवस उचललंच नाही. नंतर म्हणाली, वाचवत नव्हतं. यापेक्षा मोठं परीक्षण मला करता येणार नाही. दोष काढायचा म्हणून काढत नाही, मला सापडला नाही. फक्त सलग वाचू नका, बसेल त्या बेताने वाचा.

नाटकं वाचायची सवय लोकांची गेली आहे. महेश एलकुंचवार आपल्याच गावात राहतात, याचा आपल्याला अभिमान आहे, पण ‘वाडा चिरेबंदी’ वाचलंय का विचारलं तर लोक “पाहिलंय ना” म्हणतात. पाहिलेलं आणि वाचलेलं नाटक वेगळं असतं. अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर रंगमंचावर पाहिला तेव्हा एक वस्तू होती. वाचताना तो माझ्या डोक्यात घुसला, कारण आमच्या मोठ्या काकांच्या वाड्यात असंच एक इंजिन पडून होतं, विकायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. शिकू न दिलेली प्रभा, परत परत वेळ विचारणारी म्हातारी दादी, दिवसकार्याच्या खर्चावरून भावाभावांत चाललेली ताणाताण. हे सगळं विदर्भातल्या कुठल्याही जुन्या घरात मी दाखवून देतो. याच घराच्या त्रयीतलं दुसरं नाटक ‘मग्न तळ्याकाठी’ही तितकंच बांधून ठेवतं. तिसऱ्या ‘युगान्त’ला मात्र माझा हात सुटला. स्वीडनहून परतलेला अभय आणि ओसाड गावात मागे राहिलेला पराग बोलतात, बोलतात आणि बोलतच राहतात. ते फार खोल आहे असं मला जाणकारांनी समजावलं. असेल. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग केली, ती ज्यांनी पाहिली ते तिसऱ्याबद्दलही भारावून बोलतात. मग पुस्तकात काही तरी राहिलं असणार जे फक्त नटांकडे आहे.

आता भराभर.

नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’: बनारस आणि केम्ब्रिजची प्रकरणं सुरेख, पुढे संस्था, समित्या आणि परिषदा सुरू झाल्या की पानं उलटायचा वेग वाढतो. विज्ञानकथेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने गोष्ट पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, हा किस्सा मात्र कितीही वेळा वाचला तरी मजा येते. त्यांच्या कथांतली माणसं मला कधी खरी वाटली नाहीत, कल्पना नेहमी वाटल्या.

डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ माझ्या अँजिओप्लास्टीनंतर तीन वेगवेगळ्या पाहुण्यांनी भेट दिलं. चांगलं पुस्तक आहे, प्रामाणिक आहे. गडचिरोलीत काम करणारा, नागपुरातच डॉक्टर झालेला माणूस ऐन चाळिशीत आडवा होतो आणि स्वतःची तपासणी करतो, हे वाचण्यासारखंच. पण पेशंटच्या उशाशी तीन प्रती ठेवून “वाचा आणि तेल सोडा” म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः वाचावं.

मुलाने सवयी बदलण्यावरचं एक गाजलेलं भाषांतरित पुस्तक दिलं. नाव देत नाही. दोन पानांचा मजकूर तीनशे पानांत फुगवलेला, आणि मराठी असं की वाक्य उलटं करून वाचलं तरच अर्थ लागावा. आमच्या रेल्वेच्या जनरल रूल्सच्या, म्हणजे नियमांच्या, पुस्तकात याहून कमी शब्दांत याहून जास्त शिस्त होती.

नारायण धारपांची ‘लुचाई’ नातीने आणून दिली, “रात्री नका वाचू” म्हणून. रात्रीच वाचली. ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे हे भयकथांच्या वाचकांना ठाऊक आहे, पण धारप ते इतकं आपल्या मातीत रुजवतात की परकं वाटत नाही. खरी भीती पहिल्या अर्ध्या भागात आहे, जेव्हा काहीच दिसत नाही आणि गाव हळूहळू गप्प होत जातं. एकदा सगळं उघड झालं की उरते ती मारामारी. साहित्यिक मंडळी धारपांचं नाव घेताना ओठ मुडपतात. त्यांनी नरखेडच्या लूपवर, ढगाळ रात्री, शेवटच्या डब्यात एकट्याने धारप वाचून दाखवावेत.

ग्रेस. ‘संध्याकाळच्या कविता’ मी दर काही वर्षांनी उघडतो. गाण्यातून कानावर आल्या की सगळं कळल्यासारखं वाटतं, पानावर वाचल्या की निम्मं हातातून निसटतं. नागपुरात हे बोलायची चोरी आहे. इथे ग्रेस न कळलेला माणूस भेटतच नाही. मला कळत नाहीत आणि तरी पुस्तक कपाटातून काढून टाकत नाही, एवढं नोंदवतो.

या वर्षी सगळ्यात जास्त भिनलं ते मात्र सगळ्यात लहान पुस्तक. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. बेडेकर जन्माने अमरावतीचे. कादंबरी १९३९ची, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेच वर्ष. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, जे कुठल्याच बंदराला मनापासून नको आहेत. चक्रधर नावाचा एक मराठी तरुण, प्रेमात पोळलेला, बायकांविषयी कडवट. आणि त्या ज्यूंमधली हॅर्टा. काही दिवसांचा प्रवास, बस्. मी आयुष्यभर प्रवासातच काढला, म्हणून एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: प्रवासात माणसं जशी पटकन जवळ येतात आणि उतरायचं ठिकाण दिसू लागलं की जशी नजर चुकवू लागतात, ते इतकं अचूक मी दुसरीकडे वाचलेलं नाही. चक्रधर मला अजिबात आवडला नाही. त्याची बायकांबद्दलची टोमणेबाजी पहिल्या काही पानांत इतकी टोचते की आजची मुलगी पुस्तक फेकून देईल. फेकू नये. बेडेकर त्याला सोडत नाहीत. शेवटी त्याच्या हातात जे उरतं ते वाचा. मी सांगणार नाही. तुमच्या परीक्षकांना ही आणखी एक सवय आहे, सगळी गोष्ट शेवटासकट सांगून टाकायची. मग आम्ही काय वाचायचं?

मला हे पुस्तक ग्रंथालयातून मिळालं आणि त्याच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्या आधीचा शिक्का बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता. ग्रंथालय ओस आहे असं नाही. अभ्यासिकेत बसायला जागा नसते. एमपीएससी, पोलिस भरती, तलाठी. पोट्टे सकाळी सातला बॅग ठेवून खुर्ची धरतात. चांगलंच आहे. पण अभ्यासिका आणि कादंबऱ्यांचं कपाट यांच्यात एक दार आहे आणि त्या दारातून इकडे कोणी येत नाही. मी एकाला विचारलं तर म्हणाला, “काका, कोणतं चांगलं आहे हेच समजून नाही राहिलं, आणि चुकीचं घेतलं तर वेळ जाते.” मी त्याला ‘रणांगण’ दिलं. दोन दिवसांत परत आणून म्हणाला, “अजून आहे का असं छोटं?”

तेव्हा संपादक महोदय, एक सुचवतो. पुस्तकांच्या पानावरची एक खालची पट्टी वाचकांना द्या. शे-सव्वाशे शब्द पुरे. पुस्तक विकत घेतलं की भेट आलं हे आधी लिहायचं, लेखक-प्रकाशक नात्यातला असेल तर तेही. कुठे थांबलो ते लिहायचं, कोणी वाचू नये ते लिहायचं, आणि ‘संग्राह्य’ शब्द आला की पत्र टोपलीत. फुलबाजार सांभाळणारे, शाळेतले शिपाई, बँकेतल्या बाया, गृहिणी. नागपुरात भरपूर वाचणारी माणसं आहेत, त्यांना लिहायला फक्त कोणी सांगत नाही. लेखकांना राग येईल, येऊ द्या. स्तुती करणारे त्यांना पुष्कळ मिळतात. पन्नासाव्या पानावर आपला वाचक नेमका का उठून गेला हे त्यांना कोण सांगतं?

जाता जाता प्रकाशकांनाही एक विनंती. टाइप मोठा करा आणि बांधणी शिवून करा. एका ताज्या आवृत्तीची पानं माझ्या हातात सुटी आली, दोन रबर लावून वाचली. पुस्तकं विकत घेणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे आहेत, आणि आमचे चष्मे तुमच्या कागदाच्या बचतीहून महाग पडतात.

पत्र लांबलं आहे, तुमची कात्री चालणार हे ठाऊक आहे. धारप, नारळीकर, माझ्या नोकरीच्या गप्पा, काय हवं ते कापा. कुमुद पावडे यांच्यावरचा मजकूर आणि ती अभ्यासिकेतल्या मुलाची गोष्ट तेवढी राहू द्या.

आपला,
एक निवृत्त गार्ड,
अजनी, नागपूर